वरातीला न दिलेली घोडी

६ मे १९८४, पावस

विद्युल्लतेने आजही निम्मा हरभरा टाकला. कोंडा बदलला, मीठ ठेवले, दात तपासले, विहिरीचे पाणी मी स्वतः चाखून पाहिले. दोष कुठेही नाही. शास्त्रात जे सांगितले आहे ते सर्व झाले, आणि तिच्या फासळ्या मात्र दिसू लागल्या आहेत.

शाळेने तिला म्हातारी म्हणून काढून टाकायचे ठरवले, तेव्हा मी तिला मागून घेतले. मी तिथला अश्वारोहणाचा शिक्षक. माझ्याबरोबर तिनेही निवृत्त व्हावे, एवढेच मनात होते. पुण्याच्या कोरड्या हवेतला जीव या खाऱ्या दमटपणात आणून बांधला. ही चूक असेल, तर ती मला अजून मान्य नाही.

हिचे मत वेगळे. "तिला करमत नाही हो इथे. तुम्हाला तरी कुठे करमतंय?" माझ्या बायकोला प्रत्येक दुखण्याचे मूळ मनात सापडते. घोड्याला मन असते, असे मी एकाही विद्यार्थ्याला कधी बोलू दिले नाही. स्वभाव असतो, सवय असते. बस्स.

९ मे

शेजारच्या बागेचे वजीर आले. कुवेतहून सुट्टीवर आहेत. धाकट्या भावाचा, गफूरचा, निकाह रविवारी. रमजान लागायच्या आत उरकायचा आहे. नवरदेवाला घोडी हवी. "मास्तर, आख्ख्या पंचक्रोशीत घोडी म्हणून एकच, नि ती आमच्या शेजाराला. अल्लानेच आणून ठेवलीन म्हणायची."

मी त्यांना बसवले, चहा दिला आणि नीट समजावून सांगितले. ही संचलनाची घोडी आहे. वार्षिक समारंभात शाळेच्या पथकापुढे ती चालत असे. बँडच्या ढोलाचा पहिला ठोका पडला, की स्वाराच्या इशाऱ्याची वाट न पाहता पाऊल उचलायचे – हे तिला मी शिकवले, आणि इतके निर्दोष दुसऱ्या कोणत्याही घोडीने केलेले मी पाहिलेले नाही. अशा जनावरावर, जन्मात लगाम न धरलेला माणूस सेहरा बांधून बसणार?

वजीरनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हंजे लगीन नको. शाळेचं गॅदरिंग असतं तर चाललं असतं."

त्यांनी चहा संपवला नाही.

१० मे

वजीरची आई फातिमा, कुंपणाच्या गडग्यापलीकडून हिला: "काय गो, तुझ्या घोवाची बिजली जेवली काय आज? का जेवायलाही कुणी सायबच लागतो तिला?"

ही हसली. मी घोडीचे खरे नाव मोठ्याने, स्पष्ट उच्चारले. तेव्हा दोघीही हसल्या.

११ मे

आवाराचा गडगा चिऱ्यांचा एक थर घालून सगळीकडून उंच करून घेतला. हिने कारण विचारले. बकऱ्या, म्हणालो. त्यांच्या बकऱ्या आमच्या अबोलीवर येतात हे खोटे नाही.

१३ मे, रविवार

संध्याकाळी वरात आमच्या दारावरून गेली. मी मुद्दाम आत बसलो होतो. ढोल वाजला, आणि मागे गोठ्याचा आडवा बांबू मोडल्याचा आवाज आला.

मी बाहेर आलो तो ती अंगणात. कान पुढे, मान वर. मी म्हणालो, "थांब." आवाज ओळखून थांबलीही. तेवढ्यात पुढचा ठोका पडला. तिच्यापुढे दोन आज्ञा होत्या आणि दोन्ही माझ्याच. तिने जुनी मानली.

गडग्यावरून झेप घेताना वरच्या थराला गुडघा घासला. चिऱ्याची ती धार नवी, पावसापाण्याने अजून बोथट न झालेली. पण ती पलीकडे उतरली, बँडच्या पुढे गेली आणि चालू लागली. रिकाम्या पाठीने, मान वाकवून, ठोक्याला पाऊल. बँडवाले आधी बिचकले, मग दुप्पट जोराने वाजवू लागले. मागच्या जीपमधून गफूर सेहरा बाजूला सारून बघत होता. मी सदरा न घालता बनियनवर मागे धावत होतो, आणि कोणीतरी ओरडले, "मास्तर, नाय नाय म्हणत धाडलात की घोडी!"

आयुष्यभर मी तिला एक तर पाठीवरून पाहिले, नाही तर चुका टिपत. आजही टिपतच चाललो होतो. सापडली नाही एकही.

१४ मे

सकाळी घमेले रिकामे. एक दाणा उरला नाही. हिने ते मला दाखवले आणि धुवायला नेले. बोलली असती तर बरे झाले असते.

गुडघ्याची जखम लहान आहे. धुऊन आयोडीन लावले.

१७ मे

गुडघा माठासारखा सुजला आहे. ताप. पाय टेकवत नाही. रत्नागिरीहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांना वजीरच जीपमधून घेऊन आले. सुई घालताच सांध्यातून पू निघाला. डॉक्टर म्हणाले, "घोड्याचा सांधा एकदा नासला की पुढे काय, ते तुम्हाला मी काय सांगणार?"

खरे आहे. हे मीच वर्गात शिकवीत असे.

पूर्णगडच्या मासळीवाल्यांकडून वजीरनी बर्फ आणला. वासाचा होता, त्याबद्दल तेच ओशाळले. तासभर पाय धरून बसले. त्यांना एक वाक्य सांगायचे म्हणून मी मनात नीट रचून ठेवले होते. तोंडातून आले ते, "पट्टी जरा घट्ट धरा."

१९ मे

तीन पायांवर उभी. खात नाही.

दिली असती, तर लगाम धरून मीच पुढे चाललो असतो. त्यांच्या दारापासून मशिदीपर्यंत. तिला इथे काय कमी पडत होते, ते त्याच दिवशी कळले असते, आणि तिला काही झालेही नसते.

२० मे

तिला आता उठवत नाही. हिने विचारले, "डॉक्टरांना बोलावू?" मी हो म्हणालो.

२१ मे

दुपारी इंजेक्शन दिले. डोके माझ्या मांडीवर होते.

आमच्या आवारात सगळा कातळ. पहार वीतभरही जाईना. वजीरनी त्यांच्या बागेत, दोन कलमांच्या मधली माती दिली. मी मागितली नव्हती. दोघे भाऊ खणायला उतरले. गफूरच्या बोटांवरची मेंदी अजून पुरती उतरलेली नाही.

खड्ड्यातूनच त्याने विचारले, "मास्तर, डोकं कुठल्या बाजूला करायचं?"

मला माहीत नव्हते. तसे मी त्याला सांगितले.