दोन घमेली

पिंपळगाव रेणुकाई, १२ जानेवारी २०२५

ती. आदिनाथदादास,
गोरक्षनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही तुरुंगातून लिवलं तसंच केलं. कोकरं दुधावरून तोडली अन् एका घमेल्यात भुईमुगाची पेंड, दुसऱ्यात मक्याचा भरडा ठिवला. सुरुवातीला सारी पेंडीवरच तुटून पडली. आमची कारभारीण जयवंता म्हणली, हावरट हायेत, पेंड बंद करा. पर तुमच्या शब्दावर धीर धरला. मंग आपोआप भरड्याकडं वळली, आता दोन्ही बराबर खाऊन राह्यली. कोणी शिकवलं न्हाई त्यांना. अंगावर हात फिरवला की मन खूश होतंय.

एक गाऱ्हाणं हाय. तुमची पोरगी साक्षी ती पेंड चोरून खाऊन राह्यली. भाकर-चटणी ताटात तशीच ठिवती अन् मेंढवाड्यात शिरती. नऊ वर्साची झाली, लाज बिलकुल न्हाई. जयवंतानं उलथनं तापवून हाताला चटका दिला, मोठा न्हाई.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमचा गोरख


कारागृह, २ फेब्रुवारी

चि. गोरखास अनेक आशीर्वाद.

चटक्याचं वाचलं अन् बराकीत सगळ्यांदेखत रडलो. तिची माय वारली, मी इथं. पोर तुमच्या हातात हाय, म्हणून रागाचा एक शब्द लिहीत न्हाई. पण दूध, डाळ, अंडं तिच्या ताटात कधी पडलं होतं, एवढं सांग. तुझ्या पोराला, कल्याणला, तर रोज भेटतंय.

कोकरू पेंडीकडं गेलं की तू त्याला शहाणं म्हणतो, अन् पोरगी गेली की चोर. तिचंही अंग वाढून राह्यलंय, तेच मागतंय. माझं ऐक, तिच्यापुढंही दोन ताटं ठेव. एकात भाकर, एकात डाळ अन् अंडी. पहिले काही दिवस भाकरीला शिवणार न्हाई, न शिवू दे. हावरट असली तर तशीच खात राहील. अंगाला कमी पडत असलं तर ते भरून निघालं की कोकरासारखी आपोआप भाकरीकडं येईल. मंग काय ते ठरव.

जयवंताला आशीर्वाद. मोठा असून हात जोडतो, पोरीला जवळ घ्या.
आदिनाथ


पिंपळगाव रेणुकाई, २० फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुमचा शब्द मोडला न्हाई. दोन ताटं मांडली, घरचे सारे बघाया बसलो. पोरीनं दोन अंडी अन् वाटीभर डाळ पुसून खाल्ली, भाकरीला हात लावला न्हाई. कल्याण तर हसून हसून लोळला. जयवंता म्हणली, झालं, हावरट ठरली. तिथंच ताटं उचलली. मेंढवाड्याला कुलूप घातलं, आता चोरी बंद हाय. पोरगी वाळली जराशी, पर गप असती.

तुम्ही म्हणाल, काही दिवस थांबायचं व्हतं. कोकरांसाठी थांबलो, दादा. ती बाजारात वजनावर जातात. पोरीला कोण तोलून घेतंय?

तुम्ही मात्र तिथं पोटभर जेवत जा.
तुमचा आज्ञाधारक,
गोरख