घिवलीच्या व्हॅनचे इंजिन चारचौघांत उघडण्याबाबत

दिनांक : १२ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. प्राचार्य,
सागरतीर औद्योगिक प्रशिक्षण संस्था,
बोईसर, ता. जि. पालघर.

अर्जदार : सौ. दीपा रूपेश तामोरे, वय ४१, धंदा मासळीविक्री व वाहनचालक, रा. घिवली, ता. जि. पालघर.

विषय : मासळीच्या व्हॅनची टायमिंग चेन बदलली की नाही, हे आपल्या वर्कशॉपमध्ये इंजिन उघडून सर्वांसमक्ष दाखवणेबाबत, तसेच आपल्या माजी विद्यार्थ्यास योग्य ती शिक्षा होणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. २७ नोव्हेंबरचा अर्ज.
२) त्यावर आपल्या कार्यालयाचा शेरा : "विषय कार्यकक्षेबाहेरील. दप्तरी दाखल."

महोदय,

१. शेरा वाचला. शेरा मारणाऱ्यांनी अर्ज वाचला असावा असे शेऱ्यावरून वाटत नाही, म्हणून सर्व हकीगत नव्याने लिहीत आहे. विषय आपल्या कार्यकक्षेतला कसा, ते आधी सांगते. बोईसरच्या कृपासिंधू ऑटो वर्क्स या गॅरेजात शिरताच समोरच्या भिंतीवर, देवाच्या फोटोच्याही वर, एक प्रमाणपत्र काचेत लावलेले आहे. त्यावर श्री. केतन हरेश्वर राऊत यांचे नाव, 'मोटार मेकॅनिक, प्रथम श्रेणी' असे शब्द आणि खाली आपली सही आहे. ती सही पाहून मी गाडी तिथे दिली. सही आपली, म्हणून अर्जही आपल्याकडे.

२. घिवलीतील आम्ही सहा मासळीवाल्यांचा सागरलाट महिला बचत गट आहे. गटाची एक व्हॅन आहे. रोज सकाळी मासळीच्या टोपल्या आणि बर्फ भरून आम्ही बोईसरला आणि तिथून चिल्हार रस्त्याने मनोरच्या बाजाराला जातो. सहा जणींत लायसन्स माझ्या एकटीकडे आहे. गेली चार वर्षे गाडी मी चालवते आणि पाच जणी मागे बसून माझ्या चालवण्याला नावे ठेवतात. तरी त्या रोज बसत होत्या. मला शाळेत कधी मॉनिटर केले नाही, गटातही मी अध्यक्ष नाही की सचिव नाही. स्टिअरिंग मात्र माझे होते. तेच आता माझ्याकडून काढून घेण्यात येत आहे, आणि या अर्जाचे मूळ तेवढेच आहे.

३. ऑक्टोबरात गाडी सकाळी चालू करताना इंजिनातून खळखळ आवाज येऊ लागला. डब्यात सुटे खिळे टाकून हलवावेत तसा. केतन यांनी कान लावून सांगितले की टायमिंग चेन सैल झाली आहे. इंजिनाच्या पुढच्या अंगाला झाकणाआड ही चेन असते, तीच वरचे आणि खालचे चक्र एका तालात फिरवते, आणि तिने दात सोडला की इंजिन जागीच बसते, हे सर्व त्यांनीच मला समजावले. निदान बरोबर होते. माणूस अडाणी असता तर मी माफ केले असते. आपण त्यांना नीट शिकवलेले आहे, म्हणूनच माफ करता येत नाही.

४. दि. ३ नोव्हेंबरला गाडी दिली, ४ तारखेला घेतली. आवाज बंद झाला होता. आमच्याकडे गॅरेजवाला जुना पार्ट काढला की गिऱ्हाईकाच्या हातात देऊन दाखवतो. गिऱ्हाईक मान डोलावते, हात काळे झाले म्हणून चिंधीला पुसते आणि पार्ट तिथेच टाकून जाते. केतन यांनीही वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुनी चेन माझ्या हातात दिली. मी मान डोलावली आणि चेन गाडीत टाकली. माझे सासरे पंढरी तामोरे पाग विणतात. पाग म्हणजे खाडीत फेकायचे गोल जाळे. त्याच्या कडेला वजन लागते, आणि आमच्या घरात लोखंड कुणी फुकट सोडत नाही.

मी गाडी चालू केली तर केतन हात पुसत मागे धावले. "वयनी, ती चेन ठेवा. ती नका नेऊ." मी विचारले, "जुनी चेन तुला कशाला रे?" ते म्हणाले, "तशी नाय, पण आमाला दाखवायला लागते." हे शब्द त्यांनी भर दुपारी, शुद्धीवर असताना उच्चारले. मी ते ऐकले आणि तरी पुढे निघून गेले. माझ्या मूर्खपणाबद्दल वेगळा अर्ज करता येत नाही, नाहीतर तोही केला असता.

५. दुसऱ्या दिवशी केतन स्कूटरवरून थेट घिवलीत आले आणि सासऱ्यांकडे चेन मागू लागले. बदल्यात तारेचे बंडल देतो म्हणाले. सासऱ्यांनी चेन तोवर पागात ओवली होती. ते म्हणाले, "आता पाग सोडायचा त माजा आठवडा जाईल." केतन चहा न पिता गेले. आमच्या दारातून चहा न पिता गेलेला माणूस मी लग्न होऊन आल्यापासून पाहिला नव्हता.

६. दि. १३ नोव्हेंबर रोजी वारांगडेच्या पुढे चढावर गाडीने मोठा खडखडाट केला आणि बंद पडली ती पडलीच. टोपल्यांत सुरमई, बोंबील आणि कोळंबी. बर्फ उन्हात वितळू लागला. आमच्यातल्या सर्वांत मोठ्या साखरबाई, वय ६३, यांनी पहिली टोपली डोक्यावर घेतली आणि चिल्हार फाट्याच्या दिशेने चालू लागल्या. मग आम्ही सगळ्याच निघालो. महोदय, टोपलीतले मासळीचे पाणी मानेवरून पाठीत उतरते आणि कमरेशी साडीत साठते. त्या दिवशी माझ्याबरोबर चालणाऱ्या पाच जणींपैकी एकही मला काही बोलली नाही. रोज नावे ठेवणाऱ्या बायका गप्प बसल्या, ते मला फार लागले.

७. दि. १६ रोजी पामचे श्री. सुका हे सुके बोंबील न्यायला घरी आले. ते पाम ते बोईसर प्रवासी व्हॅन चालवतात. सासरे अंगणात पाग पसरून बसले होते. सुका यांनी पागाची कड उचलली, एका कडीवरचा हिरवा रंग पाहिला आणि खालीच बसले. "अवं, ही त माजी चेन हाय! केतननी माला दाखवली ती हीच, गणपतीच्या येळला." हिरवा रंग कृपासिंधू ऑटो वर्क्सच्या शटरचा आहे. पुढे चौकशी करता, त्याच गॅरेजात गाडी देणाऱ्या बोईसरच्या रामनाथ सरांनाही दिवाळीआधी हीच चेन 'तुमची जुनी' म्हणून दाखवल्याचे त्यांनी लेखी दिले आहे. मी अख्खा पाग खांद्यावर घालून स्पेअर पार्टच्या दुकानात गेले आणि आमच्या गाडीची नवी चेन (सुका आणि सर यांच्या गाड्यांनाही हीच लागते) पाकिटातून काढून शेजारी ठेवायला लावली. पागातली चेन तिच्यापेक्षा वीतभर लांब निघाली. म्हणजे ती माझी नाही, सुका यांची नाही आणि सरांचीही नाही. कुठल्यातरी मोठ्या गाडीची एक चेन तीन इंजिनांतून 'निघाली' आहे. आणि आमची खरी चेन जिथल्या तिथे आहे, असे माझे म्हणणे आहे. आवाज आठ दिवस बंद राहिला तो जाड ऑइल भरल्यामुळे, असे दुकानदार म्हणाले.

८. याला आणखी एक पुरावा आहे. ते झाकण काढायचे तर आधी पुढची पुली काढावी लागते. पुलीच्या मोठ्या बोल्टवर आणि झाकणाच्या बोल्टांवर मासळीच्या खाऱ्या पाण्याने चढलेला गंज जसाच्या तसा आहे. पान्याचा एक ओरखडासुद्धा नाही. याचे फोटो सोबत आहेत. बोल्ट एका जाणत्या माणसानेही बॅटरीच्या उजेडात पाहिले आहेत, त्याविषयी कलम १२ पाहावे.

९. दि. २३ नोव्हेंबर रोजी गटाची सभा झाली. बायकांची सभा, पण नवरेही येऊन बसले. केतन यांना 'तज्ज्ञ' म्हणून बोलावले होते. त्यांनी सांगितले, "चेन मी नवी टाकली व्हती. बाईमानूस हाफ क्लच धरून गाडी चालवते, मग चेन सोडनारच दात." सगळ्यांनी माना डोलावल्या. महोदय, क्लच इंजिनाच्या मागे असतो आणि चेन पुढे. दोघांची आयुष्यात गाठ पडत नाही. हे आपल्याकडे पहिल्या वर्षी शिकवत असणार, आणि केतन प्रथम श्रेणीत पास आहेत. त्यांना ते ठाऊक होते. तरी माझ्याकडे पाहत ते बोलले. ते पाहणे मी मरेपर्यंत विसरणार नाही आणि त्यांनाही विसरू देणार नाही.

सभेत हात वर करून ठरले की यापुढे गाडी केतन यांचे मेहुणे अक्षय चालवतील, आणि दुरुस्ती कृपासिंधू ऑटो वर्क्समध्येच होईल. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या.

१०. गाडी सध्या माझ्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात आहे. २० डिसेंबरला किल्ली द्यावी असा गटाचा ठराव आहे. एकदा गाडी केतन यांच्या शटरआड गेली की ते जुनी चेन काढतील, नवी घालतील आणि गंजलेले बोल्ट घासून चकचकीत करतील. मग माझ्याकडे सांगायला फक्त तोंड उरेल, आणि बाईच्या तोंडाला सभेत काय किंमत असते ते मी पाहिले आहे.

११. सबब विनंती की,

(अ) १९ डिसेंबरपर्यंत कोणत्याही दिवशी गाडी आपल्या वर्कशॉपमध्ये घ्यावी. टो करून आणण्याची व्यवस्था सुका करतील.

(आ) इंजिन आपल्या निदेशकांसमोर उघडावे, पण पाना केतन यांच्या हातात द्यावा. पुलीचा बोल्ट त्यांनी स्वतः सोडवावा. गंजलेला बोल्ट सुटताना जो आवाज करतो तो मला ऐकायचा आहे.

(इ) गटाच्या सर्व बाया, त्यांचे नवरे आणि रामनाथ सर यांना पुढच्या रांगेत बसवावे. आपले विद्यार्थीही बसवावेत, त्यांचा एक तास बुडणार नाही.

(ई) जुनी चेन आत सापडल्यास भिंतीवरचे प्रमाणपत्र आपण स्वतः जाऊन उतरवावे आणि केतन यांना पहिल्या वर्षात पुन्हा बसवावे, गणवेशासह.

(उ) मासळीची भरलेली टोपली डोक्यावर देऊन त्यांना वारांगडे ते चिल्हार फाटा चालवत न्यावे. कोळंबीची टोपली द्यावी, तिला पाणी जास्त सुटते. मागून साखरबाई चालतील. हे नियमात बसत नसल्यास बोईसर स्टेशनपर्यंत चालवावे.

(ऊ) पागातली चेन त्यांच्या गळ्यात घालून फोटो काढावा आणि तो प्रमाणपत्राच्या रिकाम्या जागी लावावा. त्यासाठी पाग उसवायला सासरे तयार आहेत.

(ए) आणि नवी चेन आत सापडल्यास मी त्याच ठिकाणी किल्ली अक्षय यांच्या हातात देईन, लायसन्स आपल्यासमोर फाडीन आणि जन्मभर टोपली डोक्यावर घेऊन मनोरला जाईन. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहे, पण हे वेगळे लिहिले आहे.

१२. कलम ८ मधील जाणता माणूस म्हणजे माझे पती श्री. रूपेश पंढरी तामोरे. ते तारापूरच्या एका कारखान्यात वीस वर्षे फिटर आहेत, बोल्टाकडे पाहून पाना लागला की नाही ते सांगतात. समुद्राला ओहोटी लागली की वाळूवर मला गाडी शिकवली ती त्यांनीच. दि. १७ नोव्हेंबरला त्यांनी बॅटरी लावून पुली पाहिली आणि म्हणाले, "हात लावलेलाच नाय त्यानी." मला वाटले, आता सभेत मला काही बोलावेच लागणार नाही.

सभेत "गाडी अक्षयला द्यायची, कुणाचं काय म्हननं?" असे विचारल्यावर पहिला हात त्यांचा वर गेला. केतन त्यांचे लहानपणापासूनचे मित्र आहेत. शिवाय कारखान्यात त्यांना 'बायकोच्या गाडीतला क्लीनर' म्हणतात, हे मला साखरबाईंकडून कळले. मला कधी घरात कळले नाही. केतन यांनी मला फसवले, त्यात नवल नाही, फसवणे हा त्यांचा धंदा आहे. आमच्या यांना मात्र खरे ठाऊक होते, आणि मी समोर बसले होते.

म्हणून माझी मुख्य मागणी ही समजावी, बाकीच्या नामंजूर झाल्या तरी चालतील. इंजिन उघडताना श्री. रूपेश तामोरे यांना सर्वांत पुढे उभे करावे आणि बॅटरी त्यांच्या हातात द्यावी. झाकण निघाल्यावर आत काय आहे ते आपण किंवा केतन यांनी सांगू नये. ते यांनी मोठ्याने, सभेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगावे.

कळावे,

आपली, नम्र राहण्याचा प्रयत्न करीत असलेली,
(सही)
सौ. दीपा रूपेश तामोरे

सोबत : १) बोल्टांचे फोटो, चार. २) रामनाथ सरांचे लेखी निवेदन. ३) श्री. सुका यांचे निवेदन, अंगठ्यासह. ४) नवी व जुनी चेन शेजारी ठेवल्याचा फोटो, पागासह. ५) गटाच्या ठरावाची प्रत.

प्रत रवाना :
१) श्री. केतन हरेश्वर राऊत, कृपासिंधू ऑटो वर्क्स, बोईसर.
२) श्री. रूपेश पंढरी तामोरे. यांची नोटीस कृपया वेगळ्या पाकिटात, रजिस्टर पोस्टाने पाठवावी. हाती देण्यासाठी माझ्याकडे देऊ नये. दि. २३ नोव्हेंबरपासून आमचे बोलणे नाही. पत्ता वरीलप्रमाणेच.