धुतलेली नोट

मुलुंड, शनिवार, २ नोव्हेंबर १९८५

दादाला अक्कल आहे की नाही? बाबांनी बोटीवर नोकरीला असताना आणलेली जुनी अमेरिकन नोट आज फोर्टातल्या जाणकाराला दाखवायची होती. दर लक्ष्मीपूजनाला आई तिच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावते. तेवढ्या डागासाठी या शहाण्याने काल ती साबणाने धुतली! म्हणे, स्वच्छ दिसली की भाव चांगला येईल.

जाणकाराने भिंग लावलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाला, ही सरकारने नाही, तिकडच्या एका छोट्या गावातल्या बँकेने काढलेली नोट. गावाचं नाव छापलेलं आहे, पण खाली बँकेच्या माणसांनी पेनाने केलेल्या सह्या कुठायत?

सह्या गेल्या मोरीत, आणि त्यांच्याबरोबर भावही!

"अहो, कुंकू चाललं असतं," तो म्हणाला. कुंकू चाललं असतं! आणि घरी येऊन दादा मलाच सुनावतो, "डाग तर गेला ना?"

आईने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आता विकत नाही ना? मग आण इकडे," म्हणाली, आणि करंडा उघडून त्याच कोपऱ्यात पुन्हा कुंकू लावलं.