केक घट्ट धर

बाई,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायचं म्हटलं की मी अजून खुर्चीत सरळ बसते. मी कुवेतमध्ये आहे, फिंतासला राहते, पेट्रोकेमिकलच्या प्लांटमध्ये इंजिनियर आहे. जर्मनचा आणि माझा संबंध तुमच्या कर्वेनगरच्या बैठकीच्या खोलीतच संपला, असं गेल्या महिन्यापर्यंत मी धरून चालले होते.

त्या खोलीत तुम्ही आम्हाला तो काळापांढरा जर्मन विनोदी सिनेमा दाखवलात, बोलपट नुकते सुरू झाले होते तेव्हाचा. एक घाबरट नवरदेव स्वतःच्या लग्नाचा तीन मजली केक हातात धरून अख्खं गाव ओलांडतो. होणारी सासू मागून ओरडत असते, ‘लांगजाम! लांगजाम!’ सावकाश, सावकाश. केक शाबूत पोचतो, पण भलत्याच लग्नात, आणि भिडेखातर तो तिथेच उभा राहतो. तो पायरीवर अडखळला तेव्हा मी खो-खो हसले. तुम्ही टेप थांबवलीत. ‘सासू काय म्हणाली आत्ता?’ मला सांगता येईना. ‘पडण्यावर कुणीही हसतं. बोलण्यावर हसू आलं, की मग जर्मन येतं म्हण.’ आणि सासूचं सगळं बोलणं मला उभं राहून पाठ म्हणायला लावलंत, चार शनिवार. मला तुमचा फार राग आला होता.

गेल्या महिन्यात जर्मनीहून एक इंजिनियर आले होते, साठी उलटलेले. कॉम्प्रेसर तपासायला भर दुपारी तीन तास शेडमध्ये उभे राहिले. ‘थोडं बसा,’ मी दोनदा म्हटलं, त्यांनी हात झटकला. परत येताना गाडी मी चालवत होते. हायवेला लागलो आणि त्यांचं इंग्रजी अडखळायला लागलं, मग बंदच झालं. चेहरा लालबुंद, कपाळावर घामाचा थेंब नाही, म्हणजे उष्माघात. मी गाडी कडेला घेतली आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडून सांगितलं, ‘पाणी मारत राहा, गाडीतून उतरू देऊ नका.’ आणि नेमके ते दाराशी झटापट करायला लागतात. बाहेर ट्रक सुसाट जातायत. मी लॉक दाबून धरलंय, ते काचेवर मुठी आपटतायत, ‘सर, प्लीज’ त्यांच्या कानात शिरतच नाहीये. एकदा दार उघडलंच. मी त्यांचा शर्ट धरून त्यांना आत ओढलं.

जर्मन शब्द शोधायला गेले तर डोकं रिकामं. आणि मग तोंडातून सासू बाहेर पडली. तिच्याच आवाजात, तिच्याच तोऱ्यात. ‘लांगजाम! बाइडे हेंडे! हाल्ट डी टोर्टे फेस्ट!’ सावकाश. दोन्ही हात. केक घट्ट धर. ते थांबले. माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखे दोन्ही हात पुढे केले. मी त्या हातांत पाण्याची बाटली दिली, ओढणी भिजवून मानेवर ठेवली, एसी पूर्ण सोडला. त्यांची पकड ढिली झाली की मी पुन्हा ओरडायची, ‘बाइडे हेंडे!’ मला दुसरं काही येतच नव्हतं, बाई. तीच पाच-सहा वाक्यं मी वीस मिनिटं ओरडत होते. आवाज फाटला. शेवटी ॲम्ब्युलन्स आली.

चार दिवसांनी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तर ते उशीला टेकून बसले होते. मला पाहून हसले. ‘तुम्ही माझ्यावर माझ्या पणजीसारख्या ओरडलात. असं जर्मन आता कुणी बोलत नाही. कुठे शिकलात?’

मी म्हटलं, ‘फोनवरच्या ॲपवर.’

तुमचं नाव ओठांवर आलं होतं. पण ते घेतलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं, कशा आहेत तुमच्या बाई, शेवटच्या कधी भेटलात? तुमच्या शेवटच्या आजारपणात तुमच्या भाचीचा फोन आला होता, ‘मावशी तुझी आठवण काढतेय.’ मी तेव्हा सुट्टीवर पुण्यातच होते, रिक्षाने दहा मिनिटांवर. कामं आहेत, असं सांगितलं. कामं नव्हती. तुम्ही जर्मनमध्ये काहीतरी विचाराल आणि मला उत्तर येणार नाही, एवढ्याच भीतीने मी आले नाही.