माझ्या सहीची गाडी

८ नोव्हेंबर, शनिवार
गाडी सर्व्हिसिंगला द्यायची आहे. हे लोक आपले अस्सल पार्ट काढून डुप्लिकेट बसवतात. पुरावा नाही, पण सरकारी ऑडिटमध्ये जन्म काढल्यावर पुराव्यासाठी थांबायचं नसतं. सकाळी बॉनेट उघडून हाताला लागेल त्या पार्टवर मार्करने सही केली. बॅटरी, फिल्टर, वायरी. एका रबरी नळीवरची सही वरून दिसली असती, म्हणून नळी उपसून पार टोकाशी केली. खाली तारीख. नळी परत खोचली.
अहिल्या म्हणाली, तुमची सही बँकेला ओळखता येत नाही, मिस्त्रीला काय येणार? बायकोला ऑडिट कळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
संशयास्पद. मार्केटच्या सिग्नलला गाडी आपोआप बंद. स्टार्ट केली, चालली. पुढच्या सिग्नलला पुन्हा बंद. चालताना ठीक, उभी राहिली की मान टाकते. काल सकाळपर्यंत उत्तम होती. तेव्हापासून गाडीला कोणी कोणी हात लावला, ते शोधायचं. मी सोडून.

१० नोव्हेंबर, सोमवार
विश्वनाथजी. बेसमेंटमध्ये त्यांची गाडी आमच्या शेजारी असते. आज लिफ्टमध्ये स्वतःहून विचारलं, "सबनीस जी, गाड़ी ठीक है ना?" मी कोणालाही सांगितलेलं नाही. मग यांना कसं कळलं?
अहिल्या म्हणते, सकाळी तुम्ही गेटवर गाडी आडवी घालून स्टार्टर मारत होता, अख्ख्या सोसायटीने पाहिलं. तरी लक्ष ठेवायचं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पेट्रोलमध्ये भेसळ. पंप बदलला. फरक नाही. म्हणजे दोन्ही पंप सामील आहेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मिस्त्रीकडे गेलो. त्याने पहिला प्रश्न मलाच केला, साहब, आपने कुछ खोला था क्या? चौकशी मी करतो, माझी होत नाही. मग म्हणाला, बोनट खोलके देखना पड़ेगा. उघडायची ज्याला एवढी घाई, त्याच्यासमोर उघडायचं नाही. गाडी परत आणली. वाटेत चारदा बंद. सर्व्हिसिंग रद्द.

१५ नोव्हेंबर, शनिवार
परीक्षित जेवायला आला होता. आमच्या लेकीने, केतकीने, स्वतःच ठरवलेला मुलगा. फरीदाबादला इंजिनिअर आहे, मोटारीचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. पार्ट! नोंद घेतली.
त्याचे आईवडील पुढच्या रविवारी नाशिकहून येतायत, लग्नाचं बोलायला. विमानतळावर मी जाणार, माझ्या गाडीने, असं जाहीर केलं. तो म्हणाला, काका, कॅब करू ना. मी म्हटलं, आमच्यात व्याह्यांना कॅबने आणत नाहीत. मग म्हणाला, बॉनेट उघडून बघू का जरा? लग्नाआधीच मुलाला आमच्या इंजिनात एवढा रस कशाला?
तो गेल्यावर केतकी म्हणाली, "बाबा, प्लीज यार. त्या लोकांसमोर माझी शोभा करू नका. एवढं एकच मागतेय." डोळ्यांत पाणी होतं. मी शब्द दिला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
उलगडा झाला. प्रदूषण आहे, लाल दिव्याला इंजिन बंद ठेवा, असं सरकारच सांगतं. आमची गाडी सांगायच्या आधी करते. हा बिघाड नाही, शिस्त आहे.
तरी रविवारपुरता उपाय: सिग्नलला हँडब्रेक ओढायचा आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचाच नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
अहिल्याला बॉनेटमधून बारीक 'सूं' ऐकू आलं. मलाही आलं. रेडिओ मोठा केला. गेलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
विमानतळापर्यंत रंगीत तालीम. एकदाही बंद पडली नाही. अहिल्या म्हणते, सगळे सिग्नल हिरवे मिळाले. काही लोकांना यश बघवत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी.
निघताना उत्तम होती. परीक्षितची आई, लताताई, पुढे बसल्या. मागे बसलं की त्यांना मळमळतं. त्याचे वडील, मुरलीधरराव, मागे, मांडीवर चिवड्याचा डबा.
आमच्या भागात, द्वारकेत, शिरताना पहिलाच लाल दिवा. मी आमच्या घराण्याबद्दल सांगत होतो. त्या नादात पाय उचलला गेला. गाडी बंद. म्हटलं, प्रदूषणासाठी मुद्दाम बंद करतो आम्ही. लताताई म्हणाल्या, छान. दिवा हिरवा झाला. स्टार्टर मारत राहिलो. बॅटरी बसली. मागून हॉर्न. एक जण खिडकीतून ओरडला, "अंकल, सोना था तो घर पे सोते!" मुरलीधररावांनी डबा माझ्याकडे दिला आणि उतरून धक्का मारला. व्याही. नव्या जाकिटात.
कडेला घेतल्यावर लताताई म्हणाल्या, बॉनेट उघडा. विहीणबाईंना नाही म्हणता येईना. म्हणाल्या, मघापासून सूं सूं ऐकतेय, पण तुम्ही रेडिओ वाढवत होतात. मग वाकून बघितलं. "अहो, ही नळी नुसती टेकवलीय. बाजूने हवा खातेय. मग उभी असताना बंद नाही पडणार तर काय!" नळी उपसून उजेडात धरली. टोकाला सही. खाली ८ नोव्हेंबर. त्यांनी मोठ्यांदा वाचली. बँकेला येत नाही ती सही त्यांना पहिल्या फटक्यात वाचता आली.
"शशिकांत सबनीस. तुम्हीच का हे?"
मी हो म्हणालो. नळी त्यांनीच घट्ट बसवली. पुन्हा धक्का. नंतरच्या एकाही सिग्नलला गाडी बंद पडली नाही. मी रेडिओ लावला नाही.
दारात केतकी उभी, मागे परीक्षित. उशीर का झाला, म्हणाली. मी 'ट्रॅफिक' म्हणेपर्यंत मुरलीधररावांनी काळे हात दाखवले. केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी चिवड्याच्या डब्याकडे.
लताताईंनी आत येऊन हात धुतले, बसल्या, म्हणाल्या, मुलगी आम्हाला पसंत आहे. लग्नात गाड्यांचं आम्ही बघू. केतकी एकदम हसायला लागली. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि आमच्या परीक्षितवर कुठे सही करायची असेल तर आजच करून घ्या. नंतर बदलून मिळणार नाही."
सगळे हसले. पोरगा सगळ्यात जास्त.
मार्कर सापडत नाहीये. अहिल्यावर संशय आहे.