उरी प्यो नावाच्या माणसाचे आवार

विटांची एक भट्टी, माणूस वाकून आत जाईल एवढी. तिच्यात भाजलेले अडतीस रांजण, त्यांतले निम्म्याहून जास्त मानेपर्यंत जमिनीत पुरलेले. कोबी खारवायचे सिमेंटचे दोन हौद. पत्र्याची शेड, वीस फूट बाय चाळीस, वादळात शेजाऱ्यांची छपरे उडाली तेव्हाही जागची न हललेली. पायाने फिरवायचे कुंभाराचे चाक, ट्रकच्या जुन्या बेअरिंगवर बसवलेले. सात ठेंगणी मेजे. लोखंडी फाटक. एवढे मी माझ्या हातांनी केले. यांतले एकही काम मला कोणी शिकवलेले नाही. चुकले तिथे पाडले आणि पुन्हा केले.

मी, प्यो दोकसू, वय सत्तावन्न (आमच्या कोरियन मोजणीने अठ्ठावन्न, कारण आम्ही आईच्या पोटातले वर्षही धरतो, पण वकीलबाईंनी सत्तावन्नच लिहायला लावले), धंदा मोटारींच्या आसनांच्या कारखान्यात वेल्डिंग, राहणार पेरिन्स क्रॉसिंग, ब्रॅनिक काउंटी, अलाबामा, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मी कसल्या औषधाच्या गुंगीत नाही आणि कोणी माझा हात धरून हे लिहवून घेत नाही. अक्षर जागोजागी उडाले आहे ते आनंदाने. बाहेर आवारात आज किमजांग आहे, अख्ख्या हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचे तिखट लोणचे, घालायचा दिवस, आणि दारातून येणाऱ्या कालव्यात माझे मलाच ऐकू येत नाही.

हेही लिहून ठेवतो की आवाराच्या खरेदीखतात ज्याची नोंद आहे तो उरी प्यो म्हणजे मीच. त्या नावाचा दुसरा इसम नाही, कधी नव्हता. तसे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे.

कलम एक. राहते घर, गाडी आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी मा यंगरान हिला. हे कलम सांगताना मी सवयीने "आपली बायको" म्हणालो. आमच्या भाषेत उरी म्हणजे आपले. आपले घर, आपली आई, आपली बायको. "माझी, माझी" करणारा माणूस आमच्यात हावरट दिसतो. वकील डार्लीनबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"मिस्टर प्यो, बायकोतही कोणी भागीदार आहे का?"

यंगरान शेजारीच बसली होती. "असला तर बरं होईल हो. एकजण तरी वेळेवर जेवायला येईल."

याच शब्दाने एकवीस वर्षांपूर्वी घोटाळा केला होता. जमीन घेताना नोंदणीच्या खिडकीतल्या माणसाने विचारले, कोणाची? माझे इंग्रजी तेव्हा दोन पैशांचे. मी छाती फुगवून म्हणालो, "उरी! उरी!" त्याने तेच नाव लिहिले. तेव्हापासून कराची पत्रे श्रीयुत उरी प्यो यांना येतात आणि मी इमानाने भरतो. या वसंतात शेड वाढवायची परवानगी मागायला गेलो तर म्हणाले, मालकाला पाठवा.

डार्लीनबाईंनी तेव्हाच बजावले की मी असाच गेलो तर न जन्मलेल्या माणसाची जमीन वर्षानुवर्षे कोर्टात पडेल आणि शेवटी लिलावात जाईल. म्हणून हा कागद.

कलम दोन. चाक, वेल्डिंगचे यंत्र आणि सगळी हत्यारे मुलगी सेबॉम हिला. रांजणाची कड ती माझ्यापेक्षा सरळ काढते. हे मी तिच्या तोंडावर म्हटलेले नाही, म्हणणारही नाही. कागदावर आहे, तेवढे पुरे.

कलम तीन. आवार. याच्यासाठीच एवढा खटाटोप.

मी या काउंटीत आलो तेव्हा आम्ही कोरियन नऊ जण होतो आणि पहिला किमजांग मोटेलच्या न्हाणीघरात, आंघोळीच्या टबात झाला. आज सरकारी आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर आहे. तो चूक आहे. तिघीजणी दिवसांत आहेत, म्हणजे एकशे एक्क्याऐंशी.

या एकशे एक्क्याऐंशींची चर्चे दोन. नऊ वर्षांपूर्वी एकच होते. फुटले का, असे विचारले तर दोन्हीकडचे लोक पवित्र ग्रंथातले दाखले देतील. ऐकू नये. मी तिथे हजर होतो. चर्चच्या स्वयंपाकघरात किमचीचा मसाला कालवणे चालू होते. गुकदादा सोलचे, त्यांच्याकडे खारवलेला जवळा घालतात. पांगकाकू दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या, त्यांनी मांदेलीच्या खारवलेल्या रसाची बाटली उघडली.

गुकदादा नाक धरून म्हणाले, "अहो, याने ख्रिसमसच्या आत शेजारी पोलीस बोलावतील!"

पांगकाकू म्हणाल्या, "तुमच्या किमचीपेक्षा आजाऱ्याची पेज बरी. तिला मिठाची तरी चव असते."

पुढच्या महिन्यात हमरस्त्याच्या पलीकडे, उताराखाली, पांगकाकूंच्या लोकांचे दुसरे चर्च उभे राहिले. गुकदादांचे ते वरचे चर्च, काकूंचे ते खालचे. प्रार्थनेची वेळ मुद्दाम तीच.

तेव्हापासून ही दोन्हीकडची माणसे एका जागी येतात ती फक्त माझ्या आवारात, कारण हौद आणि रांजण दुसरीकडे कुठे नाहीत. शेडचा अर्धा भाग जवळ्याचा, अर्धा मांदेलीचा. चार हातांवर उभे असून मीठ माझ्यामार्फत मागतात. "दोकसू, त्यांना सांग, पोतं इकडे सरकवा." "दोकसू, त्यांना सांग, हात मोडलेत का?" पण येतात! मुले मधूनच पळतात आणि दोन्हीकडचे घास खातात.

आवार वरच्या चर्चला दिले तर पांगकाकू फाटकात पाय ठेवणार नाहीत. खालच्याला दिले तर गुकदादा रस्ता बदलतील. मग ही माणसे एकमेकांना कुठे दिसणार? दुकानाच्या पार्किंगमध्ये, काचा वर करून? माझे रांजण कोरडे पडले तर मी वर बसून शांत राहीन असे कोणी समजू नये.

डार्लीनबाईंना मी म्हणालो, "आवार मी आपल्याला देतो."

"मला?"

"तुम्हाला नाही. आपल्याला. सगळ्यांना."

"कायद्याला नाव लागतं, मिस्टर प्यो."

"मग नाव उरी लिहा. खरेदीखतावर आहेच की!"

त्या टेबलावर हात आपटून हसल्या आणि पंधरा दिवसांत त्यांनी उरी मंडळ नोंदवून आणले. भट्टी, हौद, शेड, रांजण आणि जमीन माझ्यामागे या मंडळाची. अटी अशा: आवार विकता, भाड्याने देता किंवा मधोमध कुंपण घालून वाटता येणार नाही. फाटकाला मी दोन कुलपे जोडली आहेत. दोन्ही उघडल्याशिवाय अडसर सरकत नाही. जोड मी स्वतः मारला आहे, कोणी खटपट करू नये. एक किल्ली वरच्या चर्चकडे, एक खालच्या चर्चकडे. जवळा आणि मांदेली, दोघांचे रांजण सारखेच राहतील. तिसऱ्या गावाहून कोणी ऑयस्टर घेऊन आला तर त्यालाही जागा द्यावी, पण कडेला.

कलम चार, रद्द. यात मी गुकदादांना एक रांजण ठेवला होता. तो गळतो, असे ते एकदा चारचौघांत म्हणाले होते. तो गळत नाही. चांगल्या मातीचा रांजण श्वास घेतो आणि त्याच्या अंगावर मीठ फुलते. रोज उशापाशी ठेवून बघावे, एवढाच हेतू होता. परंतु ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार न झालेले बरे, असे डार्लीनबाई म्हणाल्या. म्हणून तो रांजण मी आज सकाळीच गुकदादांच्या गाडीत नेऊन ठेवला आणि पट्टाही लावला.

हे सर्व मी वाचून, समजून घेऊन, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करतो. आधी सही कोणी करायची यावर थोडा वेळ गेला.

"यांनी करावी," गुकदादा म्हणाले.

"मी का? मोठे तुम्ही. मोठ्यांनी आधी."

"ऐकलंस दोकसू? मोठा म्हणाली मला!"

"वयानं म्हटलं. करा लवकर, माझा कोबी मऊ पडतोय."

सही : प्यो दोकसू
साक्षीदार : १) गुक ह्यॉन्गमान, वरचे चर्च
२) पांग ओकनाम, खालचे चर्च
स्थळ : माझे स्वयंपाकघर, पेरिन्स क्रॉसिंग
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२३, शनिवार

ता. क. साक्षीदारांच्या संमतीने पुढील मजकूर जोडतो, म्हणजे मागाहून कोणी शंका काढणार नाही. मृत्युपत्रात काय आहे हे मी या दोघांना सांगितले नव्हते. आज सकाळी गुकदादा आणि पांगकाकू एकाच गाडीतून उतरले. आधी मला वाटले कोणीतरी वारले. दोघांनी मिळून एक लिफाफा पुढे केला, आमच्यात वडीलधाऱ्यांना देतात तसा, दोन्ही हातांनी. म्हणजे चार हातांनी. पांगकाकू म्हणाल्या, "तू मेल्यावर हे आवार कोणा परक्याच्या घशात जायला नको. आम्ही दोघांनी आपापल्या लोकांकडे मागितलं." गुकदादा म्हणाले, "मोजून घे. तुझा स्वभाव माहीत आहे." मी मोजले नाही. मी भट्टीमागे जाऊन नाक शिंकरून आलो आणि लिफाफा परत केला. दोन्ही चर्चांनी मिळून आवार विकत घेण्यासाठी देऊ केलेली आणि मी नाकारलेली रक्कम, लिफाफ्यावर दोघांच्या सहीने लिहिल्याप्रमाणे : एक्क्याण्णव हजार चारशे सहा डॉलर.