एवढ्यावर मिटतंय तर

२६ जानेवारी, रविवार

मिटलं म्हणे! ग्रामसभेत टाळ्यासुद्धा वाजल्या. जीवनच्या खडी क्रशरचे डंपर आता वरच्या पाड्यातून जाणार आणि पाड्याची त्याला हरकत नाही. हरकत नाही हे सांगितलं कुणी? जीवननंच!

पाड्यातला कमळू मागे उभा होता. त्याला कुणी विचारलं नाही. मी उठून म्हणाले, "घरांच्या दारातून रस्ता जातोय, त्यांना तरी बोलू द्या." मामांनी माईकवरूनच मला गप्प केलं. "सूनबाई, आज झेंड्याचा दिवस आहे. एवढ्यावर मिटतंय तर मिटू दे."

सासरे म्हणून घरात ऐकते. पण तिथे ते तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते आणि मी सदस्य! 'एक शिकलेली बाई पाहिजे' म्हणून मला घेतलं होतं ना? मग ती शिकलेली बाई फक्त फोटोपुरती?

३ फेब्रुवारी, सोमवार

डंपर सुरू झाले. पाड्यात अंगणात वाळत घातलेल्या वालावर पांढरी धूळ. रखमी म्हणते, "भाकर खाल्ली तरी दाताखाली खडी लागतं गो."

११ फेब्रुवारी, मंगळवार

टीवायच्या वर्गात आज म्युनिक करार घेतला. दरवर्षी घेते. आज शिकवताना घसा दुखेपर्यंत बोलले.

एकाला जमीन हवी होती. तो ओरडत होता, ही माझी शेवटची मागणी. बाकीच्यांना वीस वर्षांपूर्वीच्या युद्धातली मढी आठवत होती, म्हणून ते म्हणाले, दे एक तुकडा, गप्प बसेल. तुकडा कुणाचा? तिसऱ्याचाच! आणि ज्याचा देश कापला जात होता त्याला बैठकीत घेतलंच नाही. त्याची माणसं हॉटेलात थांबवून ठेवली आणि सगळं ठरल्यावर नकाशा हातात दिला. तुकडा देऊन मायदेशी परतलेल्या पंतप्रधानानं विमानतळावर कागद फडकवला, लोकांनी जयजयकार केला. वर्षभरात युद्ध. साऱ्या जगाचं.

मुलं लिहून घेत होती. 'तुष्टीकरणाचं धोरण, मॅडम, किती मार्कांना येतं?'

अपेक्षा तेवढी लिहीत नव्हती. कमळूची पोर. वरच्या पाड्यातून कॉलेजात आलेली पहिली. उठून म्हणाली, "त्या देशाच्या लोकांनी मग काय केलं?"

मी म्हटलं, "काही नाही. सैन्य होतं, तयारी होती. पण लढले नाहीत. दोस्तांनीच सांगितलं होतं, एकटे पडाल."

ती खाली बसली. म्हणाली, "लढायला पायजे होतं."

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज बैठक आमच्याच घरी. यावेळी पाड्याची खळी. भाताची मळणी करतात ती जागा, आजोबा-पणजोबांपासून सारवलेली. जीवनला तिथे खडीचा साठा करायचाय. "वर्षातून दोन महिने तर लागतात त्यांना. बाकी मोकळीच ना?" हे त्याचं म्हणणं. आणि समितीतली चांगली-चांगली माणसं माना हलवतायत!

का नाही हलवणार? कुणाचा पोरगा डंपरवर, कुणाचा भाचा वजनकाट्यावर.

कमळू बाहेर पायरीवर बसला होता. मी म्हटलं, त्याला आत घ्या. मामा म्हणाले, आधी आपलं ठरू दे, मग बोलावू. ठरल्यावर बोलावला. त्याला सांगितलं की, तुला कळवायला बोलावलंय. तो मामांकडे बघत राहिला. "मास्तर, तुमीच मला शाळेत शिकवलाव. तुमी सांगता तं आमी ऐकू. पन भात कुठं झोडू?"

"पुढच्या दिवाळीपर्यंत बघू," मामा म्हणाले. पुढच्या दिवाळीपर्यंत!

कमळूनं चहा घेतला नाही. रामराम करून गेला.

मी एकटीनं विरोध केला. जीवन हसला. "वैनी इतिहास शिकवतात. आपन भूगोल बघतो."

सगळे हसले. मामासुद्धा! हे मला सहन झालं नाही. भांडी घासताना एक कप फोडला. मुद्दाम नाही, पण वाईटही वाटलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मामांशी भांडण झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर आवाज चढवला.

"तुम्ही त्याला भिता," मी म्हणाले.

मामा म्हणाले, "भितो. पण त्याला नाही गो. तू लग्न होऊन आलीस, तुला ठाऊक नाय. मी आठवीत होतो. शिमग्याची होळी कोण आधी पेटवणार यावरून आपलं गाव आणि पलीकडचं गाव भिडलं. माझा थोरला भाऊ, राम, काठी घेऊन गेला. गाडीवर घालून आणला. आईनं नंतर कधी होळीला पोळी केली नाय. का भांडलो ते आज कुणाला सांगता पण येत नाय. तेव्हाच ठरवलं, या गावात पुन्हा मढं पडू द्यायचं नाय. माझा मान गेला तरी चालेल."

"मान तुमचा जात नाहीये, मामा. जागा पाड्याची जातेय."

ते चष्मा पुसत बसले.

चांगला माणूस आहे. तेच तर! वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. जीवन गुलाल घेऊन आला, मामांच्या पाया पडला. जाता-जाता म्हणाला, "मास्तर, त्या विहिरीचं बोलायचं होतं."

२२ मार्च, शनिवार

विहीर!

पाड्याची एकच विहीर. मे महिन्यातही तळ सोडत नाही म्हणून तर पाडा तिथे वसला. क्रशरवर धूळ बसवायला पाणी मारावं लागतं, म्हणून याला तिथे मोटर टाकायचीय. आणि कारण काय देतो? धुळीचा त्रास पाड्यालाच होतो ना? म्हणजे त्यांच्याच भल्यासाठी त्यांचं पाणी!

"ही शेवटची मागणी," म्हणाला. "याच्यानंतर मी काय मागितलं तर थोबाडात मारा."

मला हसू फुटलं. मोठ्यानं. सगळे बघायला लागले. मी म्हटलं, "असंच एकजण म्हणाला होता. अगदी हेच शब्द." कुणाला कळलं नाही. पंकज कसाऱ्याहून ड्युटी करून नुकताच येऊन बसला होता, त्यानं माझ्याकडे बघून डोळे वटारले. नवरा!

मामांनी तडजोड काढली. मोटर फक्त रात्री चालवायची, दिवसा पाणी पाड्याचं. स्वतःवर इतके खूश! "दोघांचंही राहिलं," म्हणाले.

पाड्यातलं कुणी नव्हतंच बैठकीला. यावेळी पायरीवरसुद्धा नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली आणि वर गेले. विहिरीला सकाळी पाणी नाही. बायका दोरीला दोरी जोडून कळशी सोडतायत, वर येतो गाळ. रात्रभर मोटर चालली तर दिवसाचं पाणी येणार कुठून? हे समितीतल्या एकालाही सुचलं नाही? की सुचलं आणि गिळलं?

रखमीनं मला कळशी दाखवली. "गढूल हाय. पोरांना हेच पाजू?" मग म्हणाली, "तुमी तं समितीत हाव ना गो?"

हो, आहे. मी समितीत आहे.

अपेक्षा हल्ली वर्गाला येत नाही. खालच्या ओहोळावरून पाणी आणते. परीक्षा जवळ आलीय. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढणीला भेटली. मी म्हटलं, नोट्स देते. ती म्हणाली, "मॅडम, नोट्सनं काय होनार?"

मला राग आवरला नाही. म्हणाले, "कुणीतरी त्याच्यासमोर उभं राहिल्याशिवाय हे थांबायचं नाही. अशी माणसं फक्त तेवढंच ओळखतात."

तिनं हंडे खाली न ठेवता ऐकून घेतलं.

५ एप्रिल, शनिवार

पोलिसांत तक्रार द्यायला निघाले होते. मामा दारात आडवे आले. हात जोडले! सत्तरी ओलांडलेल्या माणसानं सुनेपुढे हात जोडले. "एक तक्रार गेली की दोन गावं होतात, योगिनी. मला आठ दिवस दे. मी जीवनशी बोलतो. माझा शब्द तो मोडणार नाय."

पंकज म्हणाला, "त्याच्याकडं माणसं आहेत. आपल्याकडं काय आहे? तू कशाला मधे पडतेस?"

पर्स खुंटीला अडकवली. स्वतःचाच संताप आला.

१० एप्रिल, गुरुवार

काल काय झालं ते क्रमानं लिहिते.

सकाळी पाड्यातल्या माणसांनी मोटर उपसून काढली आणि विहिरीच्या काठावर ठेवली. फोडली नाही. नुसती बाहेर काढून ठेवली. दुपारी जीवन दोन गाड्या भरून माणसं घेऊन आला. निम्मी तोंडं गावातली नव्हतीच. कमळू पुढे होऊन म्हणाला, "मोटर घेवून जा, भांडन नको." जीवननं त्याला ढकलला. कमळू विहिरीच्या कठड्यावर आपटला.

तिथून पुढे कुणी कुणाचं ऐकलं नाही. काठ्या, दगड, शिव्या. बायका कोयते घेऊन बाहेर आल्या. कुणीतरी पेटता बोळा फेकला आणि पेंढ्यानं शाकारलेली दोन घरं धडधडून पेटली. म्हातारी बाईजा आत होती, तिला रखमीनं ओढून काढली.

मी पोचले तेव्हा मामा माझ्या पुढे धावत होते. धावत! गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नाहीत आणि काल धावत होते. दोन्ही हात वर करून ओरडत होते, "थांबा रे! माझ्या पोरांनो, थांबा!" दोन्हीकडचे त्यांचेच विद्यार्थी. एकदम मधे जाऊन उभे राहिले. जीवनकडे पाठ, पाड्याकडे तोंड.

आणि दगड लागला. कपाळाच्या वर. खाली बसले, मग आडवे झाले.

सगळं थांबलं तेव्हा. तेव्हा थांबलं!

१२ एप्रिल, शनिवार

ठाण्याचं हॉस्पिटल. डोक्यात रक्त साकळलंय, पण शुद्धीवर आहेत. पोलीस जबाब घ्यायला आले. मी पलंगाशी उभी होते. मनात म्हटलं, आता तरी! आता तरी नाव घ्या!

मामा म्हणाले, "पडलो. धावताना पाय घसरला. दगडावर आपटलो."

साहेबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. "कुणी मारलं नाय. मी पडलो."

मला वाटलं, मी तिथेच किंचाळेन. घरं जळली. कमळूच्या बरगड्या मोडल्या. स्वतः मरणाच्या दारात पडलेत, आणि अजून त्या माणसाला पाठीशी घालतायत! ही शांतता? याला शांतता म्हणायचं?

बाहेर येऊन मी माझा जबाब दिला. सांगितलं, जीवननं मारला. त्याच्या हातात दगड मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. खाली ठळक सही केली.

परत आत गेले तर मामा माझ्याकडेच बघत होते. "काय सांगितलंस?"

"खरं ते."

त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, "तुला ठाऊक नाय गो." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हटलं, हेच वाक्य किती दिवस ऐकायचं!

१६ एप्रिल, बुधवार

मामा पहाटे गेले.

१८ एप्रिल, शुक्रवार

जीवनला धरलं. आता खुनाचा गुन्हा. गाव आमच्या ओटीवर येऊन रडतंय. 'देवमाणूस होता.' हेच ते, टाळ्या वाजवणारे! एकानं मला सांगितलं, "वैनी, तुमचंच बरोबर होतं हो." मला त्याच्या तोंडावर दार लावावंसं वाटलं.

माझंच बरोबर होतं. मी हे जानेवारीपासून सांगत होते. पहिल्या रस्त्यालाच नाही म्हटलं असतं तर आज मामा ओटीवर पेपर वाचत बसले असते. त्यांच्या भिडस्तपणानं त्यांचाच जीव घेतला.

पंकजनं त्यांचा चष्मा खिशात ठेवलाय.

२७ एप्रिल, रविवार

अपेक्षा आली होती. मागच्या दारानं. बसली नाही.

"मॅडम, दगड माझा होता. जीवनवर मारला. मास्तर मधे आले."

ती बोलतच होती. "मास्तरांनी मला बघितलं. खाली बसले ना, तवा माझ्याकडंच बघत होते. मान हलवली. अशी. नाय, नाय, म्हनून."

उद्या पोलिसांत जाऊन सांगणार आहे म्हणाली. बाबाला सांगितलंय, आईला अजून नाही.

मी तिचा हात धरला. म्हणाले, "जाऊ नकोस. कुणाला ठाऊक नाही. जीवन आत आहे, तसाच राहू दे."

तिनं हात सोडवून घेतला.

"मॅडम, हे तुमी बोलता?"